अकरातला एक

पुलगावला गाडीतून उतरले, ऑटोत बॅग ठेवली आणि बूड टेकवते न टेकवते तोच ऑटोवाल्याने आरशात बघून विचारलं, "ताई, किती पाडले?"

"काय किती?"

"असं काय करता जी! अख्ख्या नाचणगावले मालूम हाये. मले फक्त तुमच्या तोंडून आयकाचं हाये."

पाच महिन्यांनी घरी येत होते. वाटलं होतं, कोणीतरी विचारेल, गाडीत जागा मिळाली का, जेवलीस का, इतकी काळी कशी पडलीस. नाही बाप्पा! आंबे पाडल्यासारखं किती पाडले. मी उत्तर दिलं नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट मान डोलावून म्हणाला, "बरोबर हाये, सांगाचं नसते." या गावात गप्प राहणं धोक्याचं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी नोकरी आधी सांगून टाकते. मी सीमेवरच्या दलात आहे आणि तिथे दुरून एकाच गोळीत नेम साधणाऱ्यांपैकी आहे. दलात त्याला स्नायपर म्हणतात. नाचणगावात शार्पशूटर म्हणतात, कारण तो शब्द सिनेमात असतो. दोन्ही शब्द ऐकून लोकांना वाटतं की ही बाई सकाळी दात घासायच्या आधी दोन-चार गोळ्या झाडून येत असेल. प्रत्यक्षात माझी नोकरी म्हणजे पडून राहणं. पोटावर, गवतात, मातीच्या ढिगाआड, सहा तास, आठ तास. मुंगी चावली तरी हलायचं नाही, खाज आली तरी नाही. आणि बाकी जे येतं त्याबद्दल बाईमाणसाने बोलू नये अशी पद्धत आहे, म्हणून एवढंच सांगते की ट्रेनिंगला बाकी सगळे पुरुष होते आणि मैदानात आडोशाला एक झुडूप नव्हतं.

लहानपणी आई मला म्हणायची, "काऊन लोळून राह्यली दिवसभर? लोळल्याचा पगार भेटते काय?" भेटतो. पेन्शनसकट भेटतो.

याच आईने ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात मला पार्सल पाठवलं. त्यात जवसाची चटणी होती आणि मोगऱ्याच्या वासाचं तेल होतं. उस्तादांनी, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्यांनी, बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "बेटी, ये लगाके जाओगी तो दुश्मन को दूरबीन नहीं लगेगी, नाक काफी है." तेव्हापासून माझ्या डोक्याला वासाचं तेल लागलेलं नाही. आईला अजून वाटतं मी रोज लावते.

आम्ही दोघं मिळून काम करतो. एक रायफलवर आणि एक मोठ्या दुर्बिणीवर. रायफलवर मी असते. दुर्बिणीवाला माझा जोडीदार वारा बघतो, अंतर सांगतो आणि वहीत लिहितो. दिसेल ते सगळं लिहायचं. कुत्रं आलं, लिहा. धूर दिसला, लिहा. किती वाजता, कुठून कुठे. आपल्याला काय वाटलं ते मात्र लिहायचं नाही. मला ती वही फार आवडते. आमच्या गावातल्या मंडळाच्या अहवालात बरोबर उलटं असतं, झालं ते सोडून सगळं असतं.

तर ऑटो चौकात आला आणि मी त्याला थांबवला, कारण समोर मीच उभी होते. बॅनर होता. नोकरीच्या अर्जावरचा माझा फोटो कुठून तरी मिळवून बॅनरवाल्याने मेहनतीने गोरा केला होता, ओठ लाल केले होते आणि हातात एक बंदूक दिली होती. तसली बंदूक मी आजवर कुठल्याच दलात पाहिलेली नाही. मोबाइलच्या गेममधली असावी. माझ्या भोवती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो, सगळे काळ्या गॉगलात. अध्यक्षांचा फोटो माझ्यापेक्षा चार बोटं मोठा. आणि खाली लाल अक्षरांत: ‘११ शत्रूंना कंठस्नान घालणाऱ्या नाचणगावच्या वाघिणीचा भव्य नागरी सत्कार.’

"अकरा," ऑटोवाला भक्तिभावाने म्हणाला.

आता खरं काय ते सांगते. मी एक माणूस मारला. एक.

त्या दिवसांना युद्ध म्हणायचं की नाही यावर टीव्हीवर अजून भांडणं चालू आहेत. जमिनीवर पडून असलेल्याला तो प्रश्न पडत नाही. तिकडून गोळे येत होते, इकडून जात होते. आमच्या मागच्या गावातली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून निघून गेली होती, आणि मागे बांधून राहिलेली गुरं दिवसभर हंबरत होती. समोर, नाल्यापलीकडे, एका पडक्या पंपघराच्या आडोशाला त्यांचा एक माणूस होता. त्याच्याकडे वायरलेस होता. आमच्या बाजूला गोळा पडला की तो कुठे पडला हे तो मागे कळवायचा, म्हणजे पुढचा गोळा नीट पडतो. दोन दिवस मी त्याला बघत होते, कारण तेव्हा आदेश फक्त बघण्याचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सांगण्यावरून आलेला गोळा आमच्या स्वयंपाकघरावर पडला आणि पीठ मळत बसलेला आमचा स्वयंपाकी गेला. मग आदेश आला. जोडीदाराने वारा सांगितला. मी एक गोळी झाडली.

मला त्याचा पश्चात्ताप होतो का, असं विचाराल तर नाही. तो जिवंत राहिला असता तर पुढचा गोळा आमच्यावर होता. पण तो माणूस होता. मी त्याला दोन दिवस इतक्या जवळून पाहिलं होतं, जितकं मी माझ्या सख्ख्या काकांनाही पाहिलेलं नाही. आता गावाने त्याच्या शेजारी दहा माणसं आणून उभी केली होती. ते दहा कधी जन्मलेच नव्हते, त्यांना ना तोंड होतं, ना हात-पाय. त्या खोट्या गर्दीत माझा तो एक खरा माणूस हरवणार होता. माझा जीव जळत होता तो यासाठी.

बाबा अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होते. मी पाया पडले, पाणी प्याले आणि सरळ विचारलं.

"बाबा, अकरा कुठून आले?"

"कोणते अकरा?"

"चौकातले."

"थे मंडळाच्या लोकायनं छापलं."

"मंडळाले कोणी सांगतलं?"

बाबांनी पेडल फिरवलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं. "म्या नाई सांगतलं," ते म्हणाले. "म्या फक्त कोणाले टोकलं नाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा रोज सकाळी ज्या टपरीवर चहा पितात, तिथे कोणीतरी विचारलं होतं, पोरीनं किती मारले? बाबा म्हणाले, थे सांगत नाई. सांगत नाही म्हणजे आकडा मोठाच असणार, यावर टपरीचं एकमत झालं. आणि बोली सुरू झाली. एक जण म्हणाला, चार असतील. दुसरा म्हणाला, चारासाठी कोणी लपवते काय, सात. तिसऱ्याने नऊ म्हटलं. बाजारात तुरीच्या ढिगाभोवती उभं राहून बोली लावतात तशीच लागली, फक्त ढीग माणसांचा होता. अकराला येऊन थांबली, कारण अकरा म्हणणारे खुद्द मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या वरची बोली लावायची तिथे कोणाची छाती नव्हती. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चहाचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. झालं, सौदा पक्का.

"तुम्हाले एक शब्द बोलता नाई आला?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

बाबांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "तीस वर्षं त्या टपरीवर जाऊन राह्यलो, बेटा. कोणी कधी सरकून बसाले जागा नाई दिली. आता देतेत."

माझे बाबा पुलगावला दारूगोळ्याच्या पेट्या उचलायच्या कामावर होते. आयुष्यभर पेट्या उचलल्या आणि एक गोळी सुटल्याचा आवाज ऐकला नाही. मी भरतीला गेले तेव्हा याच टपरीवर लोक त्यांना म्हणाले होते, पोरीच्या हाती बंदूक देऊन राह्यले, मंग जावई काय बंकरमंधी भेटन? बाबांनी तेव्हाही कोणाला उत्तर दिलं नव्हतं. घरी येऊन माझा अर्ज भरायला बसले होते, अक्षर चांगलं यावं म्हणून पेन बदलून. त्या माणसाला म्हातारपणी मिळालेली ती बाकड्यावरची वीतभर जागा मी काढून घ्यायची? स्टेजवर खरं बोलले तर बाबा गावासमोर खोटे पडतात. गप्प राहिले तर अकरा माझ्या नावावर चढतात. मी बाबांना म्हटलं, साखळीला तेल जरा कमी घाला, आणि आत निघून गेले.

आई आत तुरीची डाळ निवडत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. काहीच विचारलं नाही. पूर्ण गावात न विचारणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, स्वभावाने ते वाईट नाहीत आणि कोणाच्याही सत्कारात ते स्वतःचाही थोडा उरकून घेतात. बसल्या बसल्या त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"बंदूक आणली नाई काय, बेटा?"

"काका, सुट्टीवर येताना रायफल घरी आणत नाहीत."

"अरे! मी सांगून बसलो सगळ्यायले." ते खरोखर हिरमुसले. डबा घरी विसरून आल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "मंग वर्दी तरी घालून येजो. अन् एक आयडिया होती. श्रीफळ हातात द्याच्या ऐवजी थे हॉलच्या त्या टोकाले ठेवू, अन् तू इकडून..."

"काका, हॉलमध्ये लोक बसलेले असतील ना?"

"थेबी हाये," ते विचार करून म्हणाले.

मी आकड्याचा विषय काढला. म्हटलं, काका, ते अकरा बरोबर नाही. अध्यक्षांनी डोळे बारीक केले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "जास्त हाये?" त्यांच्यामागे दारात बाबा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. मी म्हटलं, राहू द्या.

कार्यक्रम रविवारी सकाळी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये ठेवला होता. अध्यक्ष दुसऱ्या आळीतले, विहारात एरवी पाऊल न टाकणारे. पण सगळे पंखे चालू असलेला हॉल गावात तेवढाच होता, आणि ऑक्टोबरचं ऊन कोणाचा धर्म बघत नाही. नारळाचं मात्र जमलं नाही. आमच्या विहारात नारळ चालत नाही, त्यामुळे बायकांनी गुलाबाची फुलं आणली. अध्यक्ष म्हणाले, "चालन, पण फोटोत वजन येत नाई."

आमच्या जिल्ह्याबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. आमचा जिल्हा अहिंसेसाठी प्रसिद्ध आहे. लांबून लांबून लोक येतात, सतरंजीवर शांत बसतात, सूत कातताना फोटो काढतात आणि परत जातात. आमच्या जिल्ह्यात दारूबंदीही आहे. ती कशी चालते हे इथल्या कोणालाही विचारा. तो हसेल आणि किती पाहिजे ते विचारेल. माझं असं मत झालं आहे की आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीने पाळल्या जातात.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. ते सरळ दुसऱ्या एका कार्यक्रमातून आले होते, शांतता सप्ताहाचं उद्घाटन करून. कबुतराचा बिल्ला अजून छातीला होता. कोणीतरी तो काढून त्या जागी माझा फोटो असलेला बिल्ला लावला.

आणि मग ते झालं. ते कोणी ठरवून केलं नव्हतं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या विहारात कुठलाच कार्यक्रम, मग ते लग्न असो, वाढदिवस असो की दहावी-बारावीचा गुणगौरव असो, त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. माझ्या सत्कारालाही तीच रीत. कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांना, मंडळाला, विहाराच्या कमिटीला, एवढ्या सगळ्यांत एकालाही काही खटकलं नाही. रिटायर्ड गुरुजी पुढे आले, सगळा हॉल उभा राहिला, सगळ्यांनी हात जोडले. पाहुण्यांनीही जोडले, अध्यक्षांनीही. गुरुजींनी पहिलं शील म्हटलं.

"पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि."

जीव घेण्यापासून मी दूर राहीन. पूर्ण हॉल एका आवाजात म्हणाला. मी ही ओळ बोलता यायला लागल्यापासून म्हणते आहे. शाळेच्या आधी ती पाठ होती. ती तोंडातून आपोआप येते, विचार करावा लागत नाही. त्या दिवशी आली नाही. माझे ओठ हलले, पण आवाज आला नाही, आणि मला एकदम पीठ मळणारा आमचा स्वयंपाकी आठवला आणि तो पंपघरातला आठवला, दोघं एका वेळी. रडू इतकं दाटून आलं की मी वर पंख्याकडे बघत राहिले. लोकांना वाटलं, वाघीण नजर स्थिर करते आहे.

पुढची शीलंही झाली. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे सगळ्यांत मोठ्या आवाजात अध्यक्षांनी म्हटलं; त्यांच्या मागेच ‘११’ चा बॅनर होता. मादक पदार्थांपासून दूर राहीन या वेळी पाहुण्यांनी तोंड जरा बाजूला वळवलं, आणि ते बरंच केलं, कारण मी शेजारीच उभी होते. मग सगळे खाली बसले, सूत्रसंचालकाने माइक ठोकून बघितला आणि म्हणाला, "आता आपल्यासमोर येत आहेत, ज्यांनी अकरा-अकरा शत्रूंना एकेका गोळीत यमसदनी पाठवलं..." आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला! हात जोडलेले सुटले ते सरळ टाळ्या वाजवायला लागले, मध्ये एवढासाही श्वास घेतला नाही.

पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगेत एक जोडी हात तसेच जोडलेले राहिले होते. ती माझी आई होती.

मला माइक दिला. समोर पहिल्या रांगेत बाबा, नव्या शर्टात, ज्याची घडी अजून मोडली नव्हती. दोन्ही बाजूंची माणसं सरकून बसली होती, त्यांना जागा व्हावी म्हणून. मी रात्रभर ठरवून आले होते की आभार मानायचे, मुलींनी भरतीची तयारी कशी करावी ते सांगायचं आणि खाली उतरायचं. बाबांची जागा राहील. पण ते पहिलं शील माझं म्हणायचं राहून गेलं होतं आणि आईचे ते हात मला दिसत होते.

"अकरा नाही," मी म्हटलं. "एक. मी एक माणूस मारला आहे."

बाबांनी मान खाली घातली, आणि मला वाटलं, गेलं, बापाला मी भर सभेत नागवलं.

तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या हातून माइक घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, खरंच भरून आले होते. "पाहा!" ते म्हणाले. "पाहा हा विनय! अकरा मारते अन् एक सांगते! याले म्हणतात संस्कार!"

अरे बापरे! छप्पर उडेल अशा टाळ्या. पहिल्यापेक्षा मोठ्या. पाहुणे उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. मी "काका, नाही, ऐका," म्हणत होते, पण शाल माझ्या तोंडावरून खांद्यावर येत होती. नंतर फोटोंसाठी रांग लागली आणि येणारा प्रत्येक जण कानाजवळ येऊन सांगून गेला, "समजलं आम्हाले ताई. सरकारी गोष्ट असते." एका काकूंनी तर कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. जेवणाच्या पंगतीला बसेपर्यंत आकडा पंधरावर गेला होता. म्हणजे मी माझ्याकडचा एकुलता एक खरा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला, माइकवर सांगितला, आणि त्याचा परिणाम असा झाला की चार माणसं आणखी मेली.

घरी आले आणि शाल खाटेवर फेकली. मी फार चिडले होते. आईला म्हटलं, या गावात काही सांगण्यात अर्थ नाही, उद्याच निघते. आईने डाळीचं ताट पुन्हा घेतलं होतं. तिने एक खडा काढून बाजूला ठेवला.

"एकच?"

"हो."

"कसा होता?"

पाच महिन्यांत किती जणांनी मला किती ते विचारलं. कसा होता, हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सांगत सुटले. तो उंच होता, जरा वाकून चालायचा. चहा प्यायच्या आधी ग्लास सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, आपले बाबा पुसतात तसा. सकाळी ऊन आलं की भिंतीआड बसून पायमोजे काढायचा, पिळायचा आणि एका तुटक्या पाइपवर वाळत घालायचा. दोन्ही शेजारी शेजारी, टाचा खाली करून, नीट. वर गोळे चाललेत आणि हा मोज्यांच्या सुरकुत्या काढतो आहे. मला आणि जोडीदाराला हसू यायचं. त्या सकाळीही त्याने ते घातले होते वाळत. मग आदेश आला. पुढचे दोन दिवस आम्ही त्याच जागेवर होतो आणि मोजे पाइपवरच होते. ते न्यायला कोणी आलं नाही. जोडीदार वहीत लिहायचा, पाइपवर मोजे, तसेच. दिसतं ते लिहावंच लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "दीदी, सूख तो गए होंगे."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, पाच महिन्यांचं. आईने मला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तेल नाई लावत तू." तेवढंच. दारात बाबा उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. ते सायकलकडे गेले. सायकलला तेव्हा काही झालेलं नव्हतं.

दोन दिवसांनी पौर्णिमा आली. विहारात पौर्णिमेला आई घरातल्या माणसागणिक एक मेणबत्ती लावते. आम्ही तिघं, म्हणून तीन. ती वर्षानुवर्षं तीनच लावते. त्या दिवशी तिने पिशवीतून चार काढल्या. मी आणि बाबा मागेच होतो. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "अवं बाई, चौथी कोणाची?"

"आमच्या पोरीच्या ओळखीचा होता एक," आई म्हणाली. तिने चौथीची वात सरळ केली आणि पेटवली.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, चल, टपरीवर चहा घेऊ आन् तिथूनच तुले स्टेशनवर सोडतो. मला जायचं नव्हतं, पण त्यांचा हट्ट दिसला. आम्ही गेलो तशी बाकड्यावरची माणसं दोन्हीकडे सरकली आणि मधे जागा झाली. अध्यक्षही होते. बाबा बसले. चहा आला. त्यांनी ग्लास सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"काका," एक जण म्हणाला, "मी यायले सांगून राह्यलतो, पंधरा होते म्हणून. बरोबर ना?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बाबांनी ग्लास उचलला, तोंडाजवळ नेला, आणि न पिता खाली ठेवला.

"एक होता," बाबा म्हणाले. "पोरीनं त्या दिवशी खरं सांगतलं. अकरा म्हणत होते तवा म्या टोकाले पाह्यजे होतं, नाई टोकलं. माही गलती हाये."

अध्यक्ष हसल्यासारखं करायला लागले, पण बाबांच्या तोंडाकडे बघून थांबले.

"रोज सकाळी पायमोजे पिळून वाळू घाले थो," बाबा म्हणाले. "टाचा खाली करून."

"मंग?" टपरीवाल्याने विचारलं. तो खरंच ऐकत होता.

"मंग काई नाई." बाबा बाकड्यावरून उठले आणि माझी बॅग उचलली. "वाळले. न्यायाले कोणी आलं नाई."